सेकंडहँड नेकेड बाईक, तीही ‘दुसरी गाडी’ म्हणून: घेण्याआधी हे वाचून घ्या

घरात एक अ‍ॅक्टिव्हा आहे, ऑफिस-भाजी-शाळा सगळं तिच्यावर चालतं, आणि तरीही रविवारी सकाळी ताम्हिणीला जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आला की पोटात काहीतरी होतं. हा लेख अशा माणसांसाठी आहे. मी पुण्यात राहतो, मेकॅनिक नाही, पण तीन वर्षांत दोन सेकंडहँड गाड्या घेतल्या. पहिली चुकली, दुसरी जमली. दोन्ही वेळा जे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं ते इथे लिहून ठेवतोय.

नेकेड म्हणजे फेअरिंग (इंजिन झाकणारं प्लास्टिकचं आवरण) नसलेली, इंजिन उघडं दिसणारी, सरळ हँडलची गाडी. (आईला हा शब्द सांगितला तर ती म्हणाली, ‘कपडे घातलेली घे ना मग’.) सेकंडहँड घेणाऱ्याला हिचा एक मोठा फायदा आहे, लपवायला जागाच नसते. फेअरिंगवाल्या गाडीत प्लास्टिकच्या मागे काय चाललंय ते कळत नाही, इथे ऑइल कुठून झिरपतंय, रेडिएटर कुठे चेपलाय, सगळं उकिडवं बसलं की दिसतं. आणि स्टँडवरून पडली तर लिव्हर, इंडिकेटर फार तर आरसा जातो, अख्खं फेअरिंग बदलावं लागत नाही.

१. आधी हे ठरवा की गाडी किती दिवस उभी राहणार आहे

सगळे इथेच चुकतात, मीपण चुकलो. पहिली गाडी घेताना आपण अ‍ॅव्हरेज, पिकअप, लुक बघतो. दुसरी गाडी आठवड्यातले सहा दिवस पार्किंगमध्ये उभी असते आणि पावसाळ्यात कधीकधी महिनाभर हलत नाही, तेव्हा खरा प्रश्न असा की ही गाडी उभी राहून किती बिघडते, आणि बिघडली तर गल्लीतला मेकॅनिक हात लावतो का.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे अर्ध्या टाकीने महिनाभर उभी असलेली गाडी टाकीच्या आतून गंजू शकते आणि कार्ब्युरेटरची असेल तर जेट चोक होतो. एप्रिल २०२० च्या आधीच्या, म्हणजे बीएस-४ (प्रदूषणाचे जुने निकष) पर्यंतच्या बऱ्याच गाड्या कार्ब्युरेटरच्या आहेत. कार्ब्युरेटर वाईट नाही, उलट कोणीही साफ करून देतं, पण पंधरा-पंधरा दिवस गाडी काढणार नसाल तर फ्युएल इंजेक्शनची बघा.

आणि पार्किंग बघा. सोसायटीत दुसऱ्या टू-व्हीलरला जागा आहे का, की ती कायम उन्हापावसात गेटजवळ? दोनशे सीसीच्या गाडीला कव्हर घालून भागतं, पण कव्हर ओल्या गाडीवर घातलं तर चेन आठवड्यात लाल होते.

२. बजेटचे तीन हिस्से गाडीला, एक हिस्सा खिशात

तुमच्याकडे एक लाख असतील तर पाऊण लाखाची गाडी शोधा. हे ऐकायला कंजूसपणा वाटतो पण माझा दुसऱ्या गाडीचा हिशोब बघा. गाडी ८८ हजाराला घेतली, २०१९ ची, एबीएसवाली (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), २१ हजार रनिंग. त्यानंतर महिन्याभरात: चेन-स्पॉकेट किट ३,२००, मागचं टायर ४,२००, बॅटरी १,६००, पुढच्या शॉकअपची ऑइल सील मजुरीसकट १,४००, ऑइल आणि फिल्टर ९००, इन्शुरन्स २,८००, गाडी नावावर करायला फी आणि एजंट मिळून २,२००. म्हणजे सोळा हजार तीनशे, आणि ही चांगली निघालेली गाडी होती बरं का.

भाव करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि ३५० च्या वरच्यांवर ४० टक्के लागला. त्यामुळे २००-२५० सीसीच्या गाड्या नव्यातच स्वस्त झाल्यात. विकणारा मात्र स्वतः दिलेली जुनी ऑन-रोड किंमत धरून बसतो, ‘मी दोन लाख मोजलेत राव’. त्याने मोजले असतील, आज शोरूममध्ये काय भाव आहे तो विचारून जा आणि तिथून खाली या.

दुसरी फट इन्शुरन्सची. थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४, दोन्हीवर जीएसटी वेगळा. म्हणजे ३७३ सीसीची गाडी (उदा. ड्यूक ३९०) घेतली की दरवर्षी दुप्पट. फार मोठी रक्कम नाही, पण महिन्यातून चार वेळा चालणाऱ्या गाडीला हे असले छोटे खर्चच टोचतात.

घरच्यांना पटवणं हा खर्च वेगळा. मी बायकोला शब्द दिला की नवीन गाडी नावावर झाली की ती पहिली चुकलेली गाडी विकून टाकणार. यावर पुढे येतो.

३. कुठली गाडी

बाजारात खूप आहेत पण दुसरी गाडी म्हणून, कमी पैशात, सहज मिळणाऱ्या एवढ्याच बघा.

पल्सर एनएस २०० ही २०१२ मध्ये आली, मध्ये बंद होती, २०१७ ला परत आली. लिक्विड कूल्ड (इंजिन कूलंटच्या पाण्याने थंड होतं), साडेतेवीस पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर), दणकट फ्रेम. पार्ट तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात, तिच्या बाजूने मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच. तोटा असा की ही बहुतेक वेळा कॉलेजच्या पोरांच्या हातातून आलेली असते. सायलेन्सर बदललेला, मडगार्ड कापलेलं, टेल टायडी (मागच्या नंबर प्लेटचा आखूड स्टँड) लावलेली. ओरिजनल सामान घरी ठेवलंय का विचारा, नसेल तर भाव पाडा.

ड्यूक २०० जानेवारी २०१२ पासून चाकणला बनते. पंचवीस पीएस, हलकी, घाटात मजा येते. पण २०१८ च्या शेवटापर्यंत तिला एबीएस नव्हतं, आणि आरसीची मुदत १५ वर्षांची असते त्यामुळे २०१२ ची ड्यूक २०२७ ला रिन्यूअलला येणार हे विसरू नका. स्वस्त दिसते ती याच्यामुळेच.

ड्यूक ३९० ला भारतात पहिल्यापासून, म्हणजे २०१३ पासून एबीएस आहे. २०१७ च्या मॉडेलला रंगीत डिस्प्ले आला आणि सीटची उंची ८३० मिमी झाली. तुम्ही साडेपाच फुटाच्या आत असाल तर आधी बसून बघा, यूट्यूब बघून ठरवू नका. ट्रॅफिकमध्ये पाय भाजतात हे खरं आहे. पण तुम्हाला ती ट्रॅफिकमध्ये न्यायचीच नाहीये ना? कर्वे रोडला अ‍ॅक्टिव्हा आहे की.

डोमिनार ४०० डिसेंबर २०१६ ला आली, ३५ पीएस आणि १८२ किलो. २०१९ ला ४० पीएसची झाली आणि पुढच्या चाकाला उलटे शॉकअप आले. लांबच्या प्रवासाला छान, पण सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये मागे ढकलून बघा मग बोलू. सुरुवातीला ही एबीएस आणि विनाएबीएस अशा दोन्हीत विकली गेली, जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

एफझेड २५ जानेवारी २०१७ ला आली. फक्त पाच गिअर, २०.९ पीएस, रेडिएटर नाही. कागदावर कंटाळवाणी वाटते म्हणून पोरं घेत नाहीत, म्हणून कमी तुडवलेली मिळते. २०१९ पासून एबीएस. मी शेवटी हीच घेतली. कारण एवढंच की कूलंट नाही, रेडिएटरचा पंखा नाही, दोन आठवडे उभी राहिली तरी बटण दाबलं की चालू.

जिक्सर २५० पण याच विचारात बसते, २०१९ पासूनची, ऑइल कूल्ड, साडेसव्वीस पीएस, सहा गिअर. मला माझ्या बजेटमध्ये चांगली मिळाली नाही नाहीतर तीच घेतली असती. आपाचे आरटीआर २०० ४व्ही रोजच्याला उत्तम, एमटी १५ चपळ आहे पण १५५ सीसीच्या मानाने सेकंडहँडमध्येही भाव सोडत नाहीत लोक.

एक तारीख पाठ करून ठेवा: एप्रिल २०१९. त्यानंतर बनलेल्या १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक गाडीला एबीएस सक्तीचं आहे. आणि १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीतूनच येते, आधीच्या गाडीला महाराष्ट्रात ती ४५० रुपये अधिक जीएसटी भरून लावून घ्यावी लागते. म्हणजे २०१९ च्या मध्यानंतरची घेतली की दोन डोकेदुख्या आपोआप कमी.

४. गाडी बघायला जाण्याआधी, घरी बसून

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर मागा. ‘आल्यावर बघा ना’ म्हणाला तर जाऊ नका, एवढं सोपं आहे. नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. मालक कितवा, नोंदणी कधीची, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, फायनान्सचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आहे का.

मग ई-चलान बघा. थकलेलं चलान असलं की नंतर गाडी नावावर करताना अडतं आणि तोपर्यंत विकणारा फोन उचलत नाही. माझ्या मित्राने घेतलेल्या गाडीवर नऊ चलानं होती, सहा हेल्मेटची आणि तीन नंबर प्लेटची, गाडी कशी चालवली गेलीय तेही कळलं आणि पैसेही कापून घेता आले. चोरीची शंका असेल तर एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून तपासता येतं.

ऑनलाइन जाहिरातीत फसवणारे दोनच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. एक ‘मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी कॅम्पमध्ये आहे, आधी गेटपासचे पैसे पाठवा’. दुसरा ‘क्यूआर स्कॅन करा म्हणजे टोकन तुमच्याच खात्यात येईल’. चाळीस हजाराला २०२१ ची ड्यूक दिसली की ती गाडी नाहीच आहे असं समजा. गाडी डोळ्याने बघितल्याशिवाय एक रुपया विसार द्यायचा नाही.

५. सोबत काय न्यायचं

मोबाइलचा टॉर्च, एक जुना सुती फडका, छोटं लोहचुंबक, हवेचं प्रेशर बघायचं मीटर असेल तर, स्वतःचं हेल्मेट आणि लायसन्स. आणि एक मित्र, ज्याला ही गाडी आवडत नाही असा. हे गमतीत नाही लिहिलेलं, गाडी समोर आली की आपलं डोकं बंद पडतं आणि त्याचं चालू असतं. ओळखीचा मेकॅनिक पाचशे रुपयात येत असेल तर त्याला न्याच.

दिवसा जा, पाऊस नसताना जा. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही.

६. थंड इंजिन

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझे सत्तर हजार इथे वाचले.

चिंचवडला एक एनएस बघायला जायचं होतं, मालकाने नऊची वेळ दिली. फोनवरच सांगितलं होतं की दादा गाडी चालू करू नका, मी थंड इंजिनच बघणार. मी सव्वाआठला पोहोचलो. पार्किंगमध्ये गाडी उभी, पुसून चकचकीत. खाली बसलो आणि क्रँककेसवर तळहात ठेवला तर चांगली कोमट. मालक खाली आले, मी म्हणालो गाडी गरम आहे, तर म्हणे आत्ताच दूध आणायला गेलो होतो. दुधाची डेअरी त्याच बिल्डिंगच्या खाली होती, मी तिच्यासमोरच रिक्षातून उतरलो होतो.

काही बोललो नाही. म्हटलं उद्या येतो. दुसऱ्या दिवशी साडेसातला गेलो तर खरंच थंड होती, आणि सात-आठ वेळा स्टार्टर मारल्यावर उठली, सायलेन्सरमधून निळा धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत मिनिटभर येतो, तो पाण्याच्या वाफेचा, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर लिक्विड कूल्ड गाडीत कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हे बहुतेक वेळा साफसफाईत सुटतं. निळ्याला आणि न थांबणाऱ्या पांढऱ्याला हात जोडून घरी यायचं.

चालू झाल्यावर रेस करू नका, तशीच दोन मिनिटं राहू द्या आणि ऐका. आयडलिंग वरखाली होतंय का, टकटक आहे का, ती तापल्यावर जाते का. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, कॉफीच्या फेसासारखं काही असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे.

७. इंजिन सोडून बाकीचं

चेन. मागच्या स्पॉकेटवर, अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून मागे ओढा. चांगली चेन दातांना चिकटून राहते, संपलेली चेन वर उचलली जाते आणि मधून दात अर्धा दिसतो. दातांची टोकं शार्कच्या दातासारखी एका बाजूला वाकलेली असतील तर किट बदलायचं, चेन एकटी बदलून उपयोग नाही.

पुढचे शॉकअप: नळीवर फडका फिरवा, मग पुढचा ब्रेक दाबून गाडी चार-पाच वेळा खाली दाबा आणि परत फिरवा. ऑइलची रिंग आली तर सील गेली. सील स्वस्तातलं काम, पण नळी वाकलेली असेल तर नाही. गाडीसमोर दहा पावलं लांब उभं राहून दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का ते बघा.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) बघायला मित्राला मागून गाडी दाबायला सांगून पुढचं चाक उचला, हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. अगदी मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेट गेलाय.

पडल्याच्या खुणा तर शोधाव्याच लागतात. हँडलची टोकं, फूटरेस्टची टोकं, लिव्हरचे गोळे, सायलेन्सरची बाहेरची बाजू, इंजिन कव्हर. एका बाजूचं सगळं नवीन आणि दुसऱ्या बाजूचं जुनं असेल तर नवीन बाजूला पडलीय. स्टँडवरून पडणं चालतं. पण हँडल पूर्ण वळवल्यावर ते जिथे अडतं तो चेसीवरचा स्टॉपर बघा, तिथे चेपलंय किंवा रंग तडकलाय किंवा वेल्डिंग केलंय तर जोरात ठोकलेली आहे, मग कितीही स्वस्त असू दे. चुंबक टाकीसाठी, लोखंडी टाकीवर ते नीट चिकटलं नाही तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांचं टायर दगड झालेलं असतं. आणि याच आकड्यावरून मीटरही पकडता येतो, मीटर म्हणतो १४ हजार आणि मागचं टायर दुसऱ्यांदा बदललेलं, असं कसं? डिजिटल मीटर मागे करणं किंवा बदलणं अवघड नाही. गिअर लिव्हरचं रबर, फूटरेस्ट, डिस्कला पडलेली कड, हे खोटं बोलत नाहीत. सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन शेवटची सर्व्हिस किती किलोमीटरला झाली ते विचारा, मालक सोबत असेल तर बहुतेक वेळा सांगतात.

चावी फिरवली की एबीएसचा आणि इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. गाडी थोडी पुढे गेली की एबीएसचा विझतो. मुळात लागतच नसेल तर खूश होऊ नका, बिघाड लपवायला कोणीतरी त्याची वायर काढलेली असू शकते. दोन्ही चाव्या आहेत का तेही तेव्हाच विचारा.

चेसी नंबर हँडलच्या खाली चेसीवर कोरलेला असतो. आरसीशी एकेक आकडा जुळवा, इंजिन नंबरही. घासलेला, परत ठोकल्यासारखा वाटला तर गाडी कितीही आवडो, निघा.

८. चालवून बघणं

दोन किलोमीटर तरी, आणि त्यात एक चढ हवा. चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी स्पीडला रेस द्या, आरपीएम चढला आणि गाडी पुढे गेली नाही तर क्लचप्लेट संपल्यात. रिकाम्या सरळ रस्त्यावर हँडल हलकं धरा, गाडी एका बाजूला ओढते का. ब्रेक दाबताना लिव्हर हातात धडधडत असेल तर डिस्क वाकलीय. लिक्विड कूल्ड असेल तर परत आल्यावर पाच मिनिटं चालू ठेवून पंखा फिरतो का बघा. इन्शुरन्स चालू नसेल तर मात्र गाडीवर बसूच नका, दोन किलोमीटरमध्ये काय होईल सांगता येत नाही.

९. कागद, आणि माझी पहिली चूक

पहिली गाडी मी एका डीलरकडून घेतली. ‘डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड.’ गाडी ठीकच होती. आरसीवर बँकेचं नाव होतं पण डीलरने बँकेची एनओसी दाखवली, लोन फिटलंय म्हणाला, मी पैसे दिले. आरटीओत गेल्यावर कळलं की एनओसीची मुदत केव्हाच संपलीय. नवीन एनओसी बँक फक्त मूळ मालकाला देणार, मूळ मालक बंगळुरूला, डीलर म्हणतो माझं काम संपलं. पाच महिने गाडी दारात आणि नाव दुसऱ्याचं. म्हणून आरसीवर बोजा असेल तर विकणाऱ्याला आधी तो उतरवून घ्यायला सांगा, मगच पूर्ण पैसे. लोन फिटणं वेगळं आणि आरसीवरचं नाव निघणं वेगळं.

नावावर करायला लागतं ते असं:

मूळ आरसी
फॉर्म २९, दोन प्रती (विकणाऱ्याची सूचना)
फॉर्म ३० (तुमचा अर्ज, दोघांच्या सह्या)
बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची ताजी एनओसी
चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
दोघांचं आधार, पॅन, तुमचा पत्त्याचा पुरावा, फोटो
परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी

अर्ज परिवहनच्या वेबसाइटवरून भरायचा. आरसीला जोडलेला विकणाऱ्याचा मोबाइल नंबर चालू आहे का हे आधी विचारा, ओटीपी त्यावर जातो. आमच्या एमएच-१२ चं ऑफिस संगमपुलापाशी. सरकारी फी काहीशे रुपयेच आहे, बाकी जातात ते एजंटला, आणि एजंट घेतला म्हणून लाजायचं कारण नाही, फक्त पावत्या स्वतःकडे ठेवा.

सह्या केलेले कोरे टीटीओ (नाव बदलायचे) फॉर्म देऊन ‘तुम्ही निवांत करा’ म्हणणारा भेटला तर निवांत करू नका. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणि हे विकणाऱ्यालाही सांगा: सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, गाडी मध्ये कितीही हातांतून फिरलेली असो. हे ऐकलं की तो स्वतः आरटीओत यायला तयार होतो.

कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्यांना गोव्याची जीए पासिंग गाडी स्वस्त दिसते. फसू नका, इथे परत टॅक्स भरावा लागतो आणि तिकडचा परत मिळवायला तुम्हालाच धावायचंय.

१०. इन्शुरन्समधल्या दोन गोष्टी

सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू-व्हीलरला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीने येते. त्यामुळे २०२१-२२ ची गाडी विकणारा ‘इन्शुरन्स चालू आहे’ म्हणतो ते खोटं नसतं, पण ती फक्त थर्ड पार्टी असू शकते, गाडीच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षीच संपलेला. पॉलिसीची पीडीएफ मागा. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला येत नाही, त्यामुळे हप्ता त्याच्यापेक्षा जास्त बसेल.

दुसरी, खास दुसऱ्या गाडीवाल्यांसाठी. मालकाचं पंधरा लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर तुमच्या पहिल्या गाडीवर असेल तर दुसऱ्या गाडीवर परत घ्यायची गरज नाही. पॉलिसी काढताना ती टिक काढून टाका, कोणी स्वतःहून सांगत नाही.

११. पैसे देताना

बँकेतून ट्रान्सफर, तोही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, भावाच्या नाही. ताबा दिल्याची चिठ्ठी करा, तारीख आणि वेळ टाकून, दोघांच्या सह्या. वेळ महत्त्वाची, त्या दिवशी सकाळचं चलान त्याचं आणि संध्याकाळचं तुमचं. नाव होईपर्यंत पाच-दहा हजार राखून ठेवता आले तर ठेवा, सगळे ऐकत नाहीत, माझ्या दुसऱ्या गाडीच्या मालकांनी ऐकलं. ते काका स्वतःच म्हणाले, ‘कार्ड आलं की द्या.’

१२. घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल बदला, मालक काहीही सांगो. पार्ट घ्यायला पुण्यात नाना पेठ आहेच, पण ब्रेक पॅड आणि चेन किट ओरिजनलच घ्या, डुप्लिकेटचं खोकं हल्ली ओळखूच येत नाही. पहिली फेरी पानशेतपर्यंत, लांब नको. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी त्यावर डाग आहे का बघा.

मग दर आठवड्याला एकदा वीस मिनिटं चालवायची. जागेवर चालू करून बंद करण्यात काही अर्थ नाही, त्याने बॅटरी उलट उतरते. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर टाकी पूर्ण भरा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

आरसीचं कार्ड पोस्टाने येतं, पत्ता नीट टाका. माझं आलं तेव्हा पोस्टमनकाका पाकीट देताना म्हणाले, ‘काय साहेब, आता तीन झाल्या की.’ बायको मागेच उभी होती. पहिली गाडी अजून विकलेली नाही, कोणाला हवी असेल तर सांगा, कागद क्लिअर आहेत.